हाड भरून आलं, पुढे?

दुखापतीनंतर डॉक्टर "आता पळायला हरकत नाही" म्हणाले की आपण त्याचा सोयीचा अर्थ लावून मोकळे होतो. ते म्हणालेले असतात पळायला हरकत नाही, आणि आपण ऐकतो शर्यतीला हरकत नाही. या दोन वाक्यांत किती अंतर असतं हे मला सगळ्यात नीट कळलं ते पॉला रॅडक्लिफच्या २००८ सालाकडे बघून. तिने त्या एका वर्षात हे अंतर स्वतःच्या पायांनी मोजलं. एकदा हरून, एकदा जिंकून.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पॉला इंग्लंडची. एप्रिल २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे एक किलोमीटर साधारण ३ मिनिटं १३ सेकंदांत, आणि असे बेचाळीस, सलग! त्यानंतर ऑक्टोबर २०१९ पर्यंत, म्हणजे तब्बल सोळा वर्षं, एकाही बाईला यापेक्षा जलद मॅरेथॉन पळता आली नाही. पण ऑलिंपिकचं पदक काही तिला मिळत नव्हतं. २००४ साली अथेन्सला ती पहिली दावेदार होती, तर ३६ किलोमीटरच्या आसपास तिला थांबावं लागलं. रस्त्याच्या कडेला बसून रडणारी पॉला सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली. पुढची संधी थेट चार वर्षांनी, बीजिंगला.

आणि मे २००८ मध्ये, शर्यतीला जेमतेम तीन महिने उरलेले असताना, तिच्या डाव्या मांडीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं.

आता हे स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून-बिडून मोडलेलं हाड नव्हे. रोजच्या दणक्यांनी हाडात बारीक बारीक इजा होत असतात आणि शरीर त्या दुरुस्तही करत असतं. दुरुस्तीची पद्धत अशी, की आधी खराब झालेला भाग खणून काढायचा आणि मग तिथे नवीन हाड भरायचं. खणणारं पथक भलतंच तत्पर, भरणारं पथक निवांत. (कुणाला आपल्या गावातले रस्ते आठवले असतील तर मी तरी काय करू?) मधे पुरेशी विश्रांती मिळाली नाही की खणलेल्या जागी चीर पडते. यावर औषध एकच. पळणं बंद, आणि वाट पाहणं.

पण वाट पाहताना एवढ्या मोठ्या दर्जाचा धावपटू नुसता बसून राहत नाही. हृदय आणि फुप्फुसं यांना एका अर्थाने फसवता येतं. सायकल मारा, नाहीतर तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यातच पळा. हृदयाला फक्त मागणी कळते. पाय जमिनीला टेकलाय का पाण्यात लोंबतोय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे दम बराचसा टिकवता येतो.

स्नायूंना मात्र असं फसवता येत नाही. पळताना पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार त्या एका पायावर येतो. त्या क्षणी मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणलेही जात असतात आणि त्याच वेळी जोर लावून तो ताण धरूनही ठेवत असतात. थोडक्यात, ब्रेक लावत असतात. मिनिटाला १८० पावलं धरली तर अडीच तासांत २७,००० वेळा. सायकलवर आणि पाण्यात हे ब्रेक लावणं जवळजवळ नसतंच. आणि गंमत अशी की हा ब्रेक टिकाऊ होतो तो फक्त मार खाऊन खाऊन. लांब पल्ल्याचा सराव सुटला की काही आठवड्यांत तो टिकाऊपणा ओसरायला लागतो. बाहेरून काही दिसत नाही. दुखतही नाही. दुखत नाही हाच तर सगळा घोळ आहे.

आमच्या धंद्यात सांगायचं तर प्रत्येक मोड्यूल सुटा सुटा तपासलेला असतो, सगळे टेस्ट पास, सगळीकडे हिरवे दिवे. लोड टेस्टला मात्र वेळच उरलेला नसतो. ते कळतं थेट लाइव्ह गेल्यावर.

१७ ऑगस्ट २००८. बीजिंगमध्ये पॉला सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली, हीच मुळात मोठी गोष्ट होती. मी ही शर्यत नंतर अनेकदा पाहिली आहे. सुरुवातीला वेग फारसा नव्हता आणि ती पुढच्या घोळक्यात व्यवस्थित पळत होती. मग रोमानियाची ३८ वर्षांची कॉन्स्टंटिना डिटा एकटीच पुढे निघून गेली (आणि जिंकलीही, २:२६:४४), आणि पॉला हळूहळू मागे पडत गेली. शेवटच्या टप्प्यात तिची पोटरी आखडली. ती थांबली, पाय ताणला, पुन्हा पळायला लागली आणि शर्यत पूर्ण केली. तेविसावी. वेळ २:३२:३८.

आता बघा. तीन महिने जगभर ज्या हाडाची चर्चा होती ते हाड टिकलं. दगा दिला तो पोटरीने, जिचं नावही कुणी घेत नव्हतं.

इथे कुणीतरी जोन बेनॉइटचं उदाहरण देणार हे मला माहीत आहे. १९८४ साली तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर १७ दिवसांनी तिने अमेरिकेची ऑलिंपिक निवड शर्यत जिंकली. मधल्या काळात दम टिकवायला ती व्यायामाची सायकल चक्क हातांनी फिरवत होती! त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही तिनेच जिंकली. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पण हिशोब नीट बघा. तिचा गुडघा बिघडला मार्चमध्ये, तोपर्यंत जबरदस्त सराव झालेला होता. तिचे गेले ते काही आठवडे, आणि तिची ऑलिंपिक शर्यत निवड शर्यतीनंतर आणखी १२ आठवड्यांनी होती. बँकेत भरपूर शिल्लक होती आणि थोडे पैसे काढले गेले, एवढंच. पॉलाच्या खात्यातून नेमके तेच तीन महिने वजा झाले होते ज्यांत ही शिल्लक जमा व्हायची असते. जिद्दीत दोघी सारख्याच. फरक कॅलेंडरचा.

माझं हे म्हणणं पटत नसेल तर पुढचं वाचा. बीजिंगनंतर बरोबर ११ आठवड्यांनी, २ नोव्हेंबर २००८ ला, पॉला न्यूयॉर्क मॅरेथॉन पळली. २:२३:५६ मध्ये जिंकली. बाई तीच, हाड तेच, हिंमत तीच. बीजिंगपेक्षा साडेआठ मिनिटांहून जास्त जलद, आणि न्यूयॉर्कचा रस्ता पूल आणि चढउतारांनी भरलेला, काही सोपा नव्हे. मधे वाढलं काय? ११ आठवडे. बाकी काहीही नाही.

मग तिने बीजिंगला पळायला नको होतं का? मला नाही तसं वाटत. वय ३४, ऑलिंपिक चार वर्षांनी एकदा, आणि पुढच्या वेळी शरीर साथ देईल याची खात्री कोण देणार? (नाहीच दिली. २०१२ साली, घरच्या लंडन ऑलिंपिकमधून तिला पायाच्या दुखण्यामुळे माघार घ्यावी लागली. ऑलिंपिक पदक राहिलं ते राहिलंच.) अपुऱ्या तयारीने उभं राहणं किंवा उभंच न राहणं, एवढे दोनच पर्याय होते. तिने पहिला निवडला. त्याची किंमत मोजली आणि शर्यत अर्धी सोडली नाही. याला मी चूक म्हणणार नाही.

पण हा जुगार खेळायचा हक्क तिला त्या चार वर्षांनी दिला होता. तुमची-माझी शर्यत दरवर्षी येते. तिचा टी-शर्टसुद्धा दरवर्षी मिळतो. त्यामुळे दुखणं थांबल्यावर नाव द्यायच्या आधी "आता दुखतंय का?" हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: गेल्या आठ-दहा आठवड्यांत हे पाय रस्त्यावर किती पळाले? सायकल नाही, पोहणं नाही, रस्त्यावर. याचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं. ते आपल्याच डायरीत असतं.