काकूंचं खास कपाट

तुळशीबागेत आपण कशाला जातो? कानातली, क्लिपा, भातुकली! गेल्या आठवड्यात मी मात्र शिरले लोकरीच्या दुकानात. काउंटरवरच्या काकूंनी आधी बाळाच्या टोपड्यांसाठीचे स्वस्त गुंडे दाखवले. मग हळूच मागचं कपाट उघडलं... हाताने रंगवलेली मेरिनो! जांभळ्यातून निळा, निळ्यातून मोरपंखी.

"ही पण लोकर, ती पण लोकर. मग एवढी महाग का?" मी विचारलंच. पक्की पुणेकर!

काकूंनी दोन्हींचा एकेक धागा तोडला, काडी ओढली. गुंड्याचा धागा वितळून कडक मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक! मेरिनोला जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरगळली. मूळच्या स्पेनच्या या मेंढीचा तंतू साधारण 24 मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणून आपल्या घोंगडीसारखी ती टोचत नाही.

"हाताने रंगवलेल्या दोन लडी कधीच सेम नसतात. स्वेटरला लागतील तेवढ्या एकदम घ्यायच्या आणि आलटून पालटून विणायच्या."

"खपते का पण?"

"दुकान टोपड्यांवर चालतं गं. हे कपाट माझ्यासाठी!"

मी एक लड घेतलीच. विणता येत नाही, पण काकूंनी शनिवारी बोलावलंय.