दुरुस्तीची वही

जुनी वस्तू दुरुस्त करून विकणाऱ्यापुढे दोन आकडे असतात. एक तिच्यावर झालेल्या खर्चाचा, दुसरा बाजार देईल त्या किमतीचा. हे दोन आकडे क्वचितच जुळतात, आणि त्यांच्यातील अंतर विक्रेता कसे भरून काढतो यावर त्याच्या व्यवहाराची प्रत ठरते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जुन्या वेगवान मोटारबोटींचा जो बाजार आहे, तेथे ही कसोटी विशेष कठोर असते. तेथील मालाचा दोष रंगाखाली दडू शकतो आणि तो उघड होतो तेव्हा भोवती खोल पाणी असते.

या बोटींचे घराणे फार जुने नाही. १९६० साली मायामी ते नासाऊ या सागरी शर्यतीत ‘मॉपी’ नावाच्या बोटीने खवळलेल्या समुद्रातून सुमारे ८ तासांत पल्ला गाठला आणि सर्वांना चकित केले. रे हंट या रचनाकाराने तिचा तळ नाळेपासून थेट मागच्या भिंतीपर्यंत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा ठेवला होता. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते. हा तळ लाट चिरत जातो. न्यू जर्सीत बांधकाम व्यवसायात पैसा मिळवून मायामीस आलेल्या डॉन अ‍ॅरोनाव यांनी हे तत्त्व उचलले. १९६४ मध्ये त्यांनी ‘डॉन्झी’ या नावाने बोटी बांधण्यास आरंभ केला. ‘मॅग्नम’ आणि ‘सिगरेट’ ही नावेही पुढे त्यांनीच उभी केली. कंपनी काढावी, नावारूपास आणावी, विकावी आणि दुसरी काढावी, असा त्यांचा क्रम होता.

अशीच एक १६ फुटी डॉन्झी एका निवृत्त यंत्रकारागिराजवळ होती. कोणाच्या तरी परसात झाडाखाली कुजत पडलेली ती बोट त्यांनी आणली आणि सहा हिवाळे तिच्यावर खर्ची घातले. पुढे पत्नीच्या आजारपणामुळे घर मोडून मुलीच्या गावी जाण्याचे ठरले. तेथे समुद्र नव्हता, आणि हाताशी पैसाही हवा होता. बोट विकणे भाग पडले.

अशा बोटीचे बाहेरील अंग फायबरग्लासचे असले तरी त्या काळातील बोटींच्या पोटात लाकूड असते. तळाच्या लांबीभर गेलेल्या तुळया लाकडाच्या, मागच्या भिंतीच्या गाभ्यात प्लायवुड, आणि त्यांवर फायबरग्लासचा थर. एखाद्या स्क्रूच्या छिद्रातून पाणी आत शिरले की लाकूड आतल्या आत सडते आणि वरचा रंग मात्र तसाच चमकत राहतो. लाटांचा मार तळाकडून तुळयांवर येतो, तर पाणी कापणारा पंखा आणि त्याची यंत्रणा मागच्या भिंतीवर तोललेली असते. हे लाकूड गेले, तर सुंदर दिसणारी बोट भर वेगात दगा देऊ शकते.

त्या गृहस्थांनी इंजिन उतरवून, तळची जमीन कापून मागची भिंत नव्याने भरली होती आणि उजवी तुळई संपूर्ण बदलली होती. डाव्या तुळईचा मागचा भागही नवा होता. पुढचा साधारण तीन फुटांचा तुकडा मात्र त्यांनी वाळवून, त्यात इपॉक्सी मुरवून तसाच ठेवला होता. इंजिनही मूळचे नव्हते. या सर्वांची नोंद त्यांनी एका जाड वहीत तारीखवार केली होती. सोबत पावत्या आणि छायाचित्रे होती. अमेरिकेत बोटींना १२ अक्षरांकांचा एकसारखा ओळखक्रमांक देण्याची सक्ती १९७२च्या अखेरीस आली. त्यापूर्वीच्या बोटीची ओळख पटवण्यास असे कागद फार उपयोगी पडतात.

पहिला ग्राहक आला तो बोटीचा तांबडा रंग पाहूनच हरखला. घासाघीस न करता तो पूर्ण किंमत द्यायला तयार झाला. त्याला त्याच आठवड्यात मुलाला घेऊन समुद्रावर जायचे होते. त्या गृहस्थांनी वही त्याच्या पुढे ठेवली, डाव्या तुळईचे पान उघडले आणि आधी तपासनिसाकडून पाहणी करून घेण्यास सुचवले. ग्राहक विचार करून कळवतो म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही.

मेहुण्याने त्यांना बोल लावला. “त्याने विचारले नव्हते. ‘आहे त्या स्थितीत विक्री’ असे लिहून घेतले असते, तर तुमच्यावर काही आले नसते.”

“कागदावर आले नसते,” ते म्हणाले. “पण त्याचा मुलगा त्या कागदावर बसून समुद्रात जाणार नव्हता.”

पुढील तीन महिने बोट आच्छादनाखाली राहिली. त्या काळात औषधांची बिले येत होती, हे विसरून चालणार नाही. ज्याला पैशाची निकड नाही, त्याचा सरळपणा त्याला स्वस्तात पडतो. येथे तसे नव्हते.

दुसरा ग्राहक तपासनीस घेऊनच आला. तपासनिसाने प्रथम वही वाचली. मग लहान हातोडीने तळ आणि भिंत ठोकून आवाज ऐकला, ओलावामापक फिरवला, इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला आणि शेवटी बोट पाण्यात घालून पूर्ण वेगाने चालवून पाहिली. डाव्या तुळईच्या त्या तीन फुटांत ओलावा थोडा अधिक निघाला. तेवढ्या दुरुस्तीची रक्कम किमतीतून वजा झाली. हाती आलेला पैसा एकूण खर्चाच्या निम्म्याहून जेमतेम अधिक होता. सहा हिवाळ्यांची मेहनत तर कोणत्याच रकान्यात नव्हती.

पेढीवर बसणाऱ्यांना यातील हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. घातलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे, हे त्या गृहस्थांनी मान्य केले होते. म्हणून आपला तोटा ग्राहकाच्या अज्ञानातून वसूल करण्याचा मोह त्यांना आवरता आला. शिवाय दुसऱ्या ग्राहकाने वहीतील एक नोंद खरी ठरताना पाहिली आणि उरलेल्या पानांवर विश्वास ठेवला. जो दोष सांगितल्याने किंमत उतरली, त्यानेच बाकीच्या कामाची ग्वाही दिली.

बोटीबरोबर वहीही गेली. नव्या मालकाने काही आठवड्यांनी त्यांना तिच्या एका पानाचे छायाचित्र पाठवले. त्यांच्या अक्षरातील शेवटच्या ओळीखाली वेगळ्या अक्षरात पहिली नोंद होती : डाव्या तुळईचा पुढचा भाग बदलला.