विहीर बुजवणे आहे

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, बॉम्बे हायमध्ये, 1974 साली ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगला तेल लागलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या बातम्यांवर वाढलेली माझी पिढी. इंजिनिअर होऊन मीही विहिरी खोदायलाच ऑफशोअरला गेलो. आता विहिरी बुजवतो. ओळखीत कुणाला सांगितलं की प्रश्न ठरलेला : “त्यात काय एवढं? वरून सिमेंट ओतायचं ना?”

वरून ओतून भागत नाही. विहीर म्हणजे एकात एक घातलेले पोलादी पाइप, म्हणजे केसिंग, आणि त्यांच्या मधल्या फटींत भरलेलं सिमेंट. सगळ्यांत आत वायू वर आणणारी ट्यूबिंग. वायू ‘संपला’ म्हणतो तो हिशेबापुरता. परवडेनासा झाला इतकंच. खाली दाब शिल्लक असतो आणि काही थरांत तो सावकाश पुन्हा वाढतो. म्हणून आधी जड द्रव सोडून विहीर मारायची, ट्यूबिंग काढायची, मग थराच्या तोंडाशी सिमेंटचा प्लग बसवायचा. सिमेंट धरलं की ड्रिल पाइप खाली सोडून त्यावर वजन टेकवायचं. या वेळी ड्रिलरशी कुणी बोलत नाही. त्याची नजर काट्यावर. हुकवरचं वजन उतरलं आणि पाइप जागचा हलला नाही, तर प्लग बसला. पाइप हळूच खाली सरकत राहिला तर सिमेंट कच्चं. सगळ्यांची रात्र गेली.

खरी डोकेदुखी केसिंगच्या बाहेर. तिथलं सिमेंट तीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी भरलेलं. ध्वनिलहरी सोडून त्याची पकड तपासतो. पकड नसेल तिथे केसिंगला भोकं पाडून दाबाने सिमेंट भरायचं, नाहीतर केसिंगचा तेवढा तुकडा चक्क किसून काढायचा. हे सगळं वायू बाहेर यायला वाट राहू नये म्हणून. जुने अहवाल धड लिहिलेले असले तर कामाचे कितीतरी दिवस वाचतात. नव्या पोरांना माझं एकच सांगणं असतं : ड्रिलिंग रिपोर्टमध्ये ‘सिमेंटिंग नॉर्मल’ एवढंच लिहून झोपायला जाऊ नका.

समुद्रातला अख्खा प्रकल्प मोडून काढण्याचं देशातलं पहिलं काम झालं ते ताप्ती क्षेत्रात, मुंबईच्या वायव्येला, खंबातच्या आखाताच्या बाजूला. पन्ना, मुक्ता आणि ताप्ती या क्षेत्रांतून तेल-वायू काढण्याचा करार 1994 चा, 25 वर्षांचा. तिथले विहिरींचे पाच प्लॅटफॉर्म काढले गेले. त्या भागात पाणी उथळ, पण भरती-ओहोटीची ओढ जबर. तिथे पाणबुडे उतरवायचे तर उधाणाचे दिवस टाळून भांगाची वाट बघावी लागते. पावसाळ्यात तर जड उचलाउचल बंदच. प्लॅटफॉर्मचे पाय समुद्रतळाच्या काही मीटर खाली आतून कापतात, वाळूमिश्रित पाण्याच्या झोताने. मग क्रेन-बार्जवर येतो तो लोखंडाचा सांगाडा, अंगभर कालवं आणि शिंपले घेऊन. दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचा असा वास सुटतो की मेसमधलं सुरमईचं ताट नकोसं होतं.

हे पाय मासळीचं घर असतात, तेव्हा तिथेच राहू द्यावेत असंही एक मत आहे. मला ते सरसकट पटत नाही. प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरपर्यंत मासेमारी बंद. सांगाडा गेला की ते पाणी कोळ्यांना परत मिळतं. अर्धवट कापलेला खुंट मात्र जाळी फाडत राहील. उत्तर समुद्रातली ‘ब्रेंट स्पार’ ही तेलसाठ्याची जुनी तरंगती टाकी खोल पाण्यात बुडवण्यावरून 1995 मध्ये रान पेटलं. 1998 पासून तिथे जुने सांगाडे समुद्रातच टाकून देण्यावर सर्वसाधारण बंदी आहे. 2017 मध्ये तिथल्याच ‘ब्रेंट डेल्टा’ प्लॅटफॉर्मचा 24,000 टनांचा वरचा भाग एका जहाजाने एकाच खेपेत उचलून हार्टलपूलला नेला. खालच्या काँक्रीटच्या पायांवरचा वाद मात्र पुढेही चालत राहिला.

हल्ली विचारतात, मग त्या मोकळ्या जागेत तरंगते सौर पॅनल का नाही? पावसाळ्यात बॉम्बे हायवर चार-पाच मीटरच्या लाटा उठतात, म्हणून. शिवाय पॅनलवर मीठ बसतं आणि केबल रात्रंदिवस हलत राहते. आपल्याकडे तरंगतं सौर शोभतं ते जलाशयात. तेलंगणात रामगुंडमला 2022 पासून 100 मेगावॅटचा प्रकल्प चालू आहे. इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मरसुद्धा फेरोसिमेंटच्या तराफ्यांवर, आणि सगळं जागच्या जागी धरून ठेवायला तळाशी काँक्रीटचे ठोकळे.

माझं डोकं त्या ठोकळ्यांपाशी अडतं. तेल-वायूवाल्यांसाठी 1999 पासून योजना आहे : क्षेत्र कमावतं असतानाच साफसफाईचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. तरंगत्या सौरच्या बैठकांना मला बोलावतात तेव्हा मी पहिला प्रश्न तोच काढतो, पंचवीस वर्षांनी हे ठोकळे कोण उचलणार आणि कुणाच्या खर्चाने? त्यावर सहसा कुणीतरी चहा मागवतं.