किती गेलं, किती उरलं

चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं हे माझं रोजचं काम. शेळगावला घरी गेलो की चाचा विचारतात, "बंद न करता कसं नेतोस रे?" मी त्यांना उधारीच्या वहीचं उदाहरण देतो.

किराणा दुकानाची जुनी वही नव्या वहीत उतरवायची आहे, पण दुकान चालूच ठेवायचं. पोरगा पानं उतरवत जातो. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं आणि उतरवलेल्या पानावर नवी नोंद पडते. म्हणून नंतर हात लागलेल्या पानांवर खूण ठेवायची आणि पुढच्या फेरीत तेवढीच पानं पुन्हा उतरवायची. शेवटी चार-दोन पानं उरली की क्षणभर शटर ओढायचं. मशीनची मेमरीही अशीच जाते.

समजा मेमरी 8,000 एमबी आहे, नेटवर्क सेकंदाला 125 एमबी नेतं आणि मशीन सेकंदाला 50 एमबी बदलतं. पहिल्या फेरीनंतर 3,200 उरतात, मग 1,280, मग 512. सहा फेऱ्यांनंतर 33 एमबी. पाव सेकंदाचं शटर पुरतं. पण एकूण पाठवले जातात 13,300 एमबी! म्हणून 'किती गेलं' हा आकडा फसवा. 'किती उरलं' आणि 'किती वेगानं बदलतंय', हे बघायचं.

बदल 125च्या वर गेला तर काम संपतच नाही. मग मशीनलाच दमानं घ्यायला लावतात. क्यूईएमयू या प्रणालीत ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती आधी प्रोसेसरचा 20 टक्के वेळ काढून घेते; तेवढ्यानं भागलं नाही तर 10-10 टक्के वाढवत 99 टक्क्यांपर्यंत जाते.

आमच्या पडद्यावर तेव्हा सगळं आलबेल दिसतं. पण ते मशीन गाळप हंगामातल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं असेल तर? काटा अडखळला की मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. मशीन बंद पडलेलं नसतं, म्हणून तक्रार कुठं करायची हेही कुणाला कळत नाही.

दुसऱ्याचं चालतं काम आपल्या हाती असणं ही अमानत आहे. पान हरवू न देणं हा तिचा अर्धा भाग. ज्याचा वेग आपण कापणार, त्याला आधी विचारणं आणि त्याच्या सोयीची वेळ धरणं हा उरलेला अर्धा. त्याची खूण कुठलंही सॉफ्टवेअर ठेवत नाही. ती आपणच ठेवायची.