वाघरीच्या तोंडाशी निजणारा

सुगी उरकली की बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या मोकळ्या रानात धनगरांचे वाडे उतरतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतो. लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे ठरतात. दिवस मावळला की काठ्या रोवून जाळीची वाघर लागते, कुत्री मोकळी सुटतात आणि लांडग्याच्या धास्तीनं माणसांची झोप सावध होते.

योहानाच्या शुभवर्तमानात, 10व्या अध्यायात, येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो. त्याच्या थोडं आधी तो स्वतःला मेंढरांचं दारही म्हणवतो. शहरातला वाचक इथं अडखळतो: माणूस दार कसा होईल? याचा एक उलगडा असा सांगतात, की मेंढवाड्याच्या तोंडाला फळी नसे. मेंढपाळच तिथं आडवा पडे. त्याला ओलांडल्याशिवाय लांडगा आत शिरणार नाही. वाघरीलगत घोंगडी अंथरणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

लूकच्या 15व्या अध्यायातला दाखला मात्र त्यालाही पटायचा नाही. शंभरातलं एक मेंढरू चुकतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव रानात ठेवून त्याच्यामागं जातो. हा कुठला व्यवहार? दुष्काळाच्या मुलखात एकेका जनावराचा हिशेब ठेवणारा माणूस असा जुगार खेळणार नाही. दाखल्याचं मर्म या न पटण्यातच आहे. देवाची माया नफा-तोटा मांडत नाही. ती वेडी असते, आणि चुकलेलं सापडलं की शेजाऱ्यांना बोलावून आनंद करते. इतकंच नाही, राखणारा स्वतःच कोकरूही होतो: बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून त्याला देवाचं कोकरू म्हणतो.

जुन्या ख्रिस्ती कल्पनेनं याहून नवलाचे प्राणी उभे केले. पेलिकन चोचीनं छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, ही दंतकथा ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण ठरली. मोराचं मांस कुजत नाही म्हणून तो अमरत्वाचा पक्षी झाला. संत ऑगस्टीननं तर कार्थेजमध्ये मोराचं मांस वर्षभर ठेवून पाहिलं आणि ते सुकलं पण नासलं नाही, असं लिहून ठेवलं. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. तिथल्या गुराख्याला या प्रयोगाचं हसूच येईल. पण हसताना जपून. कासवी नुसत्या नजरेनं पिलं पोसते, हे आपल्या संतांनीही सांगितलंच आहे. प्राणिशास्त्र दोन्हीकडे चुकलं. भक्तीला त्यानं काही बिघडलं नाही.

तरी खुद्द शुभवर्तमानातला कळप साधाच आहे. कोंबडी जशी पिलांना पंखाखाली घेते तसं तुम्हाला घ्यावं असं किती वेळा वाटलं, पण तुमची इच्छा नव्हती, असं येशू यरुशलेमेला म्हणतो. शेजारच्या अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) राहिलेल्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी येशूला आई आणि गुरू एकदमच मानलं. वारकऱ्यांच्या माउलीशी नातं सांगणारी ही मराठी वाट आहे, उसनी नाही.

आणि गाढव. आष्टीच्या शेजारी, पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. साधारण त्याच दिवसांत, कधी थोडं पुढं, झावळ्यांचा रविवार येतो. येशू यरुशलेमेत शिरला तो घोड्यावरून नव्हे, गाढवाच्या शिंगरावरून. वीटभट्टीची माती वाहणाऱ्या जनावराला असा मान फार थोड्या राजांनी दिला असेल.

घराघरांतल्या कॅलेंडरवरचा येशू मात्र सोनेरी केसांचा, आणि त्याच्या खांद्यावरचं कोकरू साबणानं धुतल्यासारखं. त्याला ना चिखल, ना गोचीड. इतकी स्वच्छ माया खोटी वाटते.

असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळचा देखावा मांडला, तेव्हा खरेखुरे बैल आणि गाढव आणून उभे केले. त्यांचा उल्लेख शुभवर्तमानांच्या जन्मकथेत नाही. तरी त्याला ते हवे होते. मराठवाड्यातल्या मंडळ्यांनीही यंदाच्या गव्हाणीपाशी प्लॅस्टिकची पांढरी मेंढरं मांडू नयेत. काळी-करडी दख्खनी मेंढी आणावी, लाल कंधारी बैल आणावा, आणि मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी द्यावी.