विसापूरचा दरवाजा

लोहगड आणि विसापूर यांच्यामध्ये आहे ती फक्त गायमुख खिंड. 1818 साली इंग्रजांनी दोन्ही गड घेतले. लोहगडाचे दरवाजे राहिले, विसापूरचे सुरुंगाने उडवले. जुलै 2025मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हापासून आम्हा चुन्यात काम करणाऱ्यांना वडगावात कुणीही थांबवून विचारतं, विसापूरचा दरवाजा कधी बांधणार?

बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. 1964ची व्हेनिस सनद सांगते, अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. पण काही चिऱ्यांची जागा ओळखता आली, तरीही मी ते उचलणार नाही. ते दारूगोळ्याने फेकले गेलेत आणि मराठी राज्य बुडाल्याचा तो पुरावा आहे. खाली भाज्याच्या लेण्यात चैत्यगृहाचा लाकडी दर्शनी भाग गेला, दगडातल्या खाचा उरल्या. त्या खाचांवरूनच लाकूडकाम कसं होतं ते कळतं. तिथे नवं सागवान ठोकलं तर खाचाच बुजतील. आत छताच्या तुळयांवर ब्राह्मी लेख आहेत. ते लाकूड मात्र जिवापाड जपायला हवं.

म्हणून गड पडू द्यावा, असं मी म्हणत नाही. यंदाच्या पावसात निखळलेल्या चिऱ्याची बैठक समोर दिसत असते. तो परत बसवलाच पाहिजे. तटातला पिंपळ उपटायचा नाही, उपटला तर मुळाबरोबर चिरे हलतात. तो कापायचा, मूळ आत मरू द्यायचं, मग दरजा भरायच्या. त्याही सिमेंटने नाही. सिमेंट पाणी आत कोंडतं आणि ते पाणी दुसरीकडून तट फोडतं. कळीचा चुना भिजवून, वाळू आणि विटेची सुरखी घालून घाणीत मळावा लागतो. तो हवेत सावकाश धरतो, म्हणून मावळात हे काम दिवाळीनंतरच. घाई असणाऱ्या ठेकेदाराला हे परवडत नाही, आणि नुकसान होतं ते इथेच.

दोन्ही गड केंद्रीय संरक्षित आहेत, परवानगीशिवाय कुणी दगडही हलवू नये. पण निधी आलाच, तर कमानीच्या चित्रावर खर्च करू नका. आधी तटाच्या माथ्यावर साचणारं पाणी बाहेर काढा, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करा. पुढच्या आषाढाआधी एवढं झालं तरी पुष्कळ तट उभा राहील.