घाट लागला

मुंबईहून सुटलेली रातराणी पोलादपूर सोडायची तेव्हा झुंजुमुंजू झालेलं असायचं. ‘घाट लागला,’ म्हणत आई पिशवीतून लिंबू काढायची, कारण मला गाडी लागायची. कशेडीची चढण एसटी कण्हत चढायची. एका अंगाला पाझरणारा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरीत काठोकाठ धुकं. घाट संपायला पाऊण तास तरी लागायचा.

खेड मागं पडलं की डोळे परशुराम घाटाकडे लागायचे. एका वळणावर झाडं बाजूला व्हायची आणि खाली वाशिष्ठी दिसायची. संथ, वळणं घेत खाडीकडे निघालेली, मध्ये हिरवी बेटं, पलीकडे चिपळूणची कौलं. ‘उठ रे, वाशिष्ठी आली,’ म्हणत अण्णा मला हलवायचे आणि देवळाच्या दिशेनं हात जोडायचे. घर अजून तासाभरावर असायचं. पण आमचं गाव तिथंच सुरू व्हायचं.

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे अख्ख्या मार्गावर धावू लागली आणि आम्ही गाडी बदलली. रेल्वेनंही खूप दाखवलं. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल येतो तेव्हा आजही माझा श्वास थांबतो. पण डोळे भरतात न भरतात तोच बोगदा येतो. करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा! खिडकीत आपलाच चेहरा बघत बसायचं.

२०२३च्या गणपतीला कशेडीचाही बोगदा खुला झाला. दहा मिनिटांत डोंगराच्या पलीकडे. तो हवाच होता. त्या घाटात किती घरांची माणसं गेली, ते कोकणात कुणाला सांगायला नको. परशुराम घाट मात्र चौपदरी करताना असा उभा कापला, की दर पावसात त्या लाल मातीच्या भिंतीकडे बघून पोटात गोळा येतो. रस्ता रुंद करताना डोंगराचा तोल सांभाळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

यंदा मे महिन्यात भाच्याला म्हटलं, गाडी जुन्या कशेडीनं घे. वाटेत सामसूम. कठड्यावर वाळलेलं शेवाळ, त्याला लगटून करवंदाची जाळी, काळ्याभोर फळांनी लगडलेली. काटे चुकवत त्यानं ओंजळभर करवंदं काढली. देठातून पांढरा चीक आला, बोटं चिकट झाली. बाटलीतल्या पाण्यानं हात धुता धुता तो कठड्यावरून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

‘मामा, खाली ते गाव कुठलं?’